नीलम तर खरा, पण कोणता?

जयपूरच्या जौहरी बाजारातून गोपालजी का रास्ता या गल्लीत शिरलं, की स्कूटर, हातगाड्या आणि माणसं यांच्या खेचाखेचीत आपण आपोआप पुढे ढकलले जातो. पण एखाद्या जुन्या हवेलीचा अरुंद जिना चढून वर गेलं, की सगळा गलका खाली राहतो. खिडकीजवळ पांढरी गादी, गादीवर पांढरा कागद, कागदावर मूठभर खडे. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेला, एका डोळ्याला भिंग लावलेला माणूस.

माझी आत्या लग्न होऊन जयपूरला गेली, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली. तिच्या शेजारचे काकाजी हे असेच पारखी. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. खडे निवडायचं. चाळणीने आकार वेगळे करायचे, चिमटीने रंग वेगळे करायचे आणि प्रत्येक ढिगाची वेगळी पुडी बांधायची. गेल्या हिवाळ्यात मी आत्याकडे गेले होते. आतेबहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, मला हट्टाने त्यांच्या गादीवर घेऊन गेली. तिला त्यांना एक फोटो दाखवायचा होता.

भाची अकरावीत आहे. मे महिन्यात शाळेतर्फे ती हिमाचलमधल्या कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्रेकला गेली होती. बाकीच्या मुलींनी बर्फाचे आणि एकमेकींचे फोटो काढले. हिने पायवाटेच्या कडेला पानावर बसलेल्या एका इवल्याशा फुलपाखराचे काढले. पंख पसरले, तर जेमतेम तीन सेंटिमीटर. तपकिरी रंग, पुढच्या पंखावर नारिंगी ठिगळ. काकाजींनी भिंग बाजूला ठेवून मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "हे काय आहे, बेटा?"

"नीलम," भाची म्हणाली.

काकाजींना वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. या फुलपाखरांच्या गटाला इंग्रजीत 'सफायर'च म्हणतात. शास्त्रीय नाव हेलिओफोरस. नराच्या पंखांची वरची बाजू उन्हात अशी चमकते, की खरोखरच कोणी नीलम किंवा पाचू तासून बसवला असावा. मादी मात्र तपकिरी आणि नारिंगी, साधीसुधी. पंख मिटले, की दोघांचीही खालची बाजू हळदीसारखी पिवळी आणि काठाला तांबडी किनार.

"नीलम तर खरा," काकाजी म्हणाले, "पण कोणता?"

नेमक्या याच प्रश्नाने भाची सहा महिने बेजार झाली होती. ट्रेकहून आल्यावर तिने एका जाणकारांना फोटो पाठवला. उत्तर आलं ते असं : हेलिओफोरसची मादी आहे, वरच्या बाजूच्या एका फोटोवरून याहून पुढे सांगता येणार नाही. ती हिरमुसली. एवढे मोठे तज्ज्ञ आणि साधं नाव सांगता येत नाही? मला मात्र ते उत्तर आवडलं. आमच्या धंद्यात 'माहीत नाही' असं छापायची सोय नसते. म्हणूनच मी जरा खोलात गेले, आणि या चिमुकल्या पहाडी फुलपाखरांचं बारसं किती कटकटीचं असतं ते कळलं.

हिमालयात या नीलम मंडळींच्या बऱ्याच जाती आहेत. सेना, तमू, ओडा, ब्रह्मा, मूरी, बेकरी अशी त्यांची नावं. (बेकरीचा पावाशी संबंध नाही, बेकर नावाच्या माणसाशी आहे.) सेना आणि तमू यांची पहिली शास्त्रीय वर्णनं व्हिएन्नात बसलेल्या व्हिन्सेन्झ कोलार यांनी १८४४च्या सुमारास छापली. नमुने होते बॅरन फॉन ह्यूगेल या ऑस्ट्रियन प्रवाशाने काश्मीर आणि हिमालयाच्या सफरीतून नेलेले. ओडा आणि मूरी यांना नाव दिलं विल्यम हेविटसन या इंग्रज गृहस्थाने, १८६५मध्ये. बेकरीला नाव मिळायला १९२७ साल उजाडलं. ते दिलं विल्यम हॅरी इव्हान्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने.

म्हणजे पाहा, पाखरं आपल्या डोंगरातली, कपाटं व्हिएन्ना आणि लंडनची. याला कारण आहे. नव्या जातीला नाव देताना एक नमुना 'मूळ नमुना' म्हणून जपून ठेवावा लागतो. पुढे कधी शंका आली, तर त्याच नमुन्याशी ताडून पाहायचं. सोन्याचा कस पाहायचा, तर कसोटीचा दगड एकच असावा लागतो, तसंच हे. आपल्याकडच्या शेकडो जातींचे असे मूळ नमुने आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या कपाटांत आहेत. इथल्या विद्यार्थ्याला खात्री करून घ्यायची झाली, की त्याने लंडनकडे तोंड करायचं.

बरं, दोन जाती दिसायला जवळपास सारख्या असल्या, तर त्या वेगळ्या कशावरून ठरवायच्या? पंखांवरच्या ठिपक्यांवर भरवसा ठेवावा, तर तो कमी-जास्त होतो. त्याच जातीचं पाखरू पावसाळ्यात एक रंग दाखवतं, कोरड्या ऋतूत दुसरा. उंचीवर जावं, तर रंग आणखी गडद, कारण काळसर पंख ऊन लवकर शोषतात आणि थंडीत उडायला ऊब हवीच. नीलम मंडळींच्या निळ्याची तर आणखीच गंमत. खड्यातल्या नीलमचा निळा हा त्यातल्या लोह आणि टायटॅनियमच्या अंशामुळे येतो. पाखराच्या पंखावरचा झळझळीत निळा कसल्याही रंगद्रव्याने येत नाही. पंखावरच्या खवल्यांची रचना इतकी बारीक असते, की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळाच तेवढा परततो. कोन बदलला, की छटा बदलते. फोटोतल्या निळ्यावरून शपथ घ्यायची कोणी?

म्हणून शास्त्रज्ञ पंख सोडून पोटाकडे वळतात. मेलेल्या नमुन्याच्या पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवायचं. मऊ भाग विरघळतो आणि नराच्या जननेंद्रियांचे कडक, कवचासारखे भाग उरतात. टाचणीच्या डोक्याएवढे हे भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांचे आकडे, कंगोरे, वळणं मोजायची. पंख एकसारखे असले, तरी इथे फरक सापडतो. कौटुंबिक साप्ताहिकात हे लिहावं की नाही, म्हणून मी क्षणभर थांबले होते. पण फुलपाखरांच्या शास्त्राचा अर्धा डोलारा याच टाचणीच्या टोकावर उभा आहे, तेव्हा लपवायचं कशाला?

या कामात आपले डोळे झिजवणाऱ्यांत एक नाव असं आहे, की ऐकून दचकायला होतं. व्लादिमिर नाबोकोव्ह. होय, 'लोलिता'वाले. त्या कादंबरीने १९५५मध्ये जगभर वादळ उठवलं. त्याआधी, १९४०च्या दशकात, रशियातून परागंदा झालेला हा लेखक अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात चिमुकल्या निळ्या फुलपाखरांची कपाटं सांभाळत होता. दिवसाचे तासन् तास सूक्ष्मदर्शकावर वाकून तो जननेंद्रियांची चित्रं काढायचा, पंखावरच्या खवल्यांच्या ओळी मोजायचा. ठिपका किती मोठा, हे तो मिलिमीटरमध्ये सांगत नसे, खवल्यांच्या ओळींत सांगे. या कामापायी त्याची दृष्टी अधू झाली.

१९४५मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेतल्या, अँडीज पर्वतापर्यंत पसरलेल्या निळ्या फुलपाखरांची नवी मांडणी छापली. आणि जाता जाता एक धाडसी तर्क केला. ही पाखरं मूळची आशियातली. ती बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या वाटेने, वेगवेगळ्या काळात, पाच लाटांनी अमेरिकेत शिरली आणि खाली दक्षिणेपर्यंत पोचली. कादंबरीकाराचा फावल्या वेळचा छंद म्हणून बऱ्याच तज्ज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. २०११मध्ये हार्वर्डच्याच नाओमी पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाखरांचा डीएनए तपासला. लाटा पाचच निघाल्या! क्रमही जुळला. हे कळायला नाबोकोव्ह हयात नव्हता, तो १९७७मध्येच गेला होता.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली १८८३मध्ये. आठ संस्थापकांपैकी एक होते कर्नल चार्ल्स स्विन्हो. मुंबई, पुणे आणि दख्खनच्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर त्यांनी भरपूर लिहिलं. फ्रेडरिक मूर यांनी 'लेपिडॉप्टेरा इंडिका' हा अजस्र ग्रंथ लिहायला घेतला. ते १९०७मध्ये वारले, तेव्हा उरलेले खंड स्विन्होंनी पुरे केले. दहावा खंड १९१३मध्ये निघाला. पुढे आधी सांगितलेल्या इव्हान्स साहेबांनी भारतीय फुलपाखरं ओळखायची किल्ली तयार केली. 'ठिपका असेल तर पुढच्या ओळीवर जा, नसेल तर त्याच्या पुढच्या' अशी. १९२७ आणि १९३२ अशा तिच्या दोन आवृत्त्या निघाल्या. नव्वद वर्षं उलटून गेली, तरी अभ्यासक आजही ती उघडतात.

त्यानंतर बराच काळ हे काम थंडावलं. साहेब गेला आणि जाळीही त्याच्याबरोबर गेली, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकलेला मुलगा बँकेची परीक्षा द्यायचा. मराठी माणसांपुरतं बोलायचं, तर दोन नावं घ्यायलाच हवीत. एक आयझॅक किहिमकर. त्यांच्या २००८च्या 'द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज'ने फुलपाखरं सामान्य माणसाच्या हातात आणून ठेवली. दुसरे कृष्णमेघ कुंटे. १९९७मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या फुलपाखरांच्या ऋतुमानावर त्यांचा शोधनिबंध आला, २०००मध्ये दक्षिण भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक. आज ते बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करतात.

कुंट्यांच्या कामातली एक हकिकत भाचीला मुद्दाम सांगितली. सिक्कीमच्या उत्तर भागात झोंगू नावाचा लेपचा लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या सोनम वांगचुक लेपचा या फुलपाखरांच्या शौकिनाने २०१६मध्ये एका लहानशा पिवळ्या-चॉकलेटी पाखराचे फोटो काढून पाठवले. पाखरू चपळ कुळातलं. म्हणजे पतंगासारखं जाड अंग, आणि बाणासारखं सुटणारं. भारतातल्या कुठल्याच नोंदलेल्या जातीशी ते जुळेना. मग नमुने, सूक्ष्मदर्शक, पोटाचं टोक, सगळं यथासांग झालं. २०२१मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर झाली : झोग्राफेटस झोंगूएन्सिस. तिचे सर्वांत जवळचे भाऊबंद आग्नेय चीन आणि हैनान बेटावर. फोटोपासून नावापर्यंत पाच वर्षं लागली. आणि नावात त्या डोंगराळ मुलखाचं नाव कायमचं बसलं. शेजाऱ्याच्या शेतात बोअर लागली, तर पेपरात बातमी येते. या बातमीला किती ओळी मिळाल्या, ते आमच्या व्यवसायाच्या भल्यासाठी मी सांगत नाही.

नाव मिळालं, नाही मिळालं, पाखराला काय फरक पडतो? भाचीच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या आतोबांनी, जेवताना हा प्रश्न टाकलाच. ते निवृत्त वकील. म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा ज्यांना खास संरक्षण देतो, ते प्राणी त्याच्या परिशिष्टांत नावानिशी असतात. फुलपाखरंही आहेत. ज्याला नावच नाही, त्याला त्या यादीत कसं घालणार? कोर्टात उभं करायला फिर्यादीचं नाव तरी लागतं ना! आतोबा हसले, पण वरणभात पुढे ओढत म्हणाले, "पॉइंट आहे."

आणि धोका कागदी नाही. २००८मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलिला राष्ट्रीय उद्यानात दोन चेक कीटकतज्ज्ञांना विनापरवाना कीटक गोळा करताना पकडलं. दोघांवर खटला चालला आणि दोघेही दोषी ठरले. उंच डोंगरातली दुर्मीळ पाखरं जमवणाऱ्या शौकिनांचा परदेशात बाजार आहे, हे लपून राहिलेलं नाही. मात्र नाण्याची दुसरी बाजूही आहे. या कडक कायद्यामुळे प्रामाणिक विद्यार्थ्यालाही एक नमुना घ्यायला परवानग्यांच्या मागे महिनोन् महिने फिरावं लागतं. मला विचाराल, तर चोराला पकडावं आणि विद्यार्थ्याला सोडावं इतकी अक्कल खिडकीवरच्या कारकुनाला वापरू द्यावी. पण ती वापरायची सोय नियमात असावी लागते.

डोंगरमाथ्यावरच्या पाखरांची अडचण निराळीच. तमिळनाडूच्या मेघमलई डोंगरातली एक चंदेरी रेघांची चिमुकली जात २०२३मध्ये नोंदली गेली. सिगारिटिस मेघमलईएन्सिस. पश्चिम घाटाच्या या टोकाला ढग डोंगरावर टेकतात, त्या ढगाळ रानात ती राहते. या गटातल्या अळ्यांची वाढ मुंग्यांच्या राखणीत होते. अळी मुंग्यांना गोड रस देते, मुंग्या तिला शत्रूंपासून सांभाळतात. म्हणजे पाखरू टिकायला विशिष्ट झाड हवं, विशिष्ट मुंग्या हव्यात, विशिष्ट गारवा हवा. हवा तापली, की मैदानातलं पाखरू डोंगर चढून वर जाऊ शकतं. जे आधीच माथ्यावर आहे, ते कुठे जाणार? वर नुसतं आभाळ. भारतातल्या फुलपाखरांच्या २०१५च्या एका प्रसिद्ध यादीत १३१८ जाती आहेत. मेघमलईची ती जात तेव्हाही तिथेच उडत होती, यादीत मात्र नव्हती. अशा आणखी किती आहेत हे मोजायलाही त्या आधी ओळखू याव्या लागतात.

काकाजींना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एक गोष्ट ऐकवली. १८८१च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात, साडेचार हजार मीटरच्या आसपास, दरड कोसळली आणि उघड्या पडलेल्या खडकात निळे खडे चमकले. गुराख्यांनी आणि व्यापाऱ्यांनी सुरुवातीला ते मातीमोल किमतीत दिले-घेतले, कारण ते काय आहे हे कोणाला कळलं नव्हतं. कळलं, तेव्हा महाराजांनी खाणीवर पहारा बसवला. पण पहिला उत्तम साठा त्याच दशकात उपसून संपला. "काश्मिरी नीलम आता जुन्या दागिन्यांतच भेटतो," ते म्हणाले. मग गादीखालून त्यांनी एक मळकट पुडी काढली. आत तीन खडे. नीलमच वाटतात, पण खाणीची खात्री पटत नाही, म्हणून वीस वर्षं वेगळे ठेवलेले. पुडीवर वजन लिहिलं होतं, नाव नव्हतं. "चुकीचं नाव लिहून विकले असते, तर केव्हाच गेले असते," एवढंच बोलून त्यांनी पुडी पुन्हा बांधली. भाचीने ती पुडी बराच वेळ न्याहाळली.

परत येताना भाजीवाल्याकडे मटार घ्यायला थांबलो. जयपूरच्या आसपास हिवाळ्यात मटार मुबलक. एका ढिगावर करड्या-निळ्या रंगाचं, नखाएवढं पाखरू बसलं होतं. मागच्या पंखाला बारीक शेपटी. "पी ब्लू," भाची पटकन म्हणाली. याची अळी शेंगेत शिरून दाणे खाते. त्यामुळे भाजीवाल्याला त्याचं कौतुक नव्हतं, त्याने ते हाताने उडवून लावलं. हेच पाखरू हिमालयातही उंचावर दिसतं. लांबलांबचे प्रवास करणाऱ्यांपैकी ते एक आहे, नाबोकोव्हच्या निळ्या मंडळींचं चुलत भावंडच.

घरी आत्याने अळूचं फदफदं केलं होतं, त्यात चुका घातला होता. तिला सांगितलं, की सेना नावाच्या नीलमची अळी हिमालयात चुक्याच्याच जंगली भावंडाची पानं खाते. आत्या म्हणाली, "मग तिला चव कळते म्हणायची." भाचीने लगेच वहीत नोंद केली. आता पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीर्थनला जायचा तिचा बेत आहे. या वेळी जाळी नाही, बाटली नाही, नुसता कॅमेरा. पण पंख मिटलेले असताना खालच्या बाजूचा फोटो, पसरलेले असताना वरचा, कोणत्या पानावर बसलं त्या पानाचा, आणि शेजारी नर दिसला तर त्याचा, असे चार फोटो काढायचे हे तिने पक्कं केलं आहे. गेल्या वर्षीच्या फोटोखाली मात्र तिने 'हेलिओफोरस, मादी' एवढंच लिहून पुढे एक रेघ मोकळी सोडली आहे.